१८५ ची (दारू पिऊन गाडी चालवल्याची) केस: रीडिंग ४७, रक्त घेतलेलं नाही. गुन्हा कबूल करावा की लढावं?

माजिवडा_जंक्शन

भाच्याच्या केसबद्दल विचारायचं आहे. शनिवारी रात्री घोडबंदर रोडला नाकाबंदी होती. मशीनमध्ये फुंकायला लावलं, रीडिंग ४७. स्लिपवर सही घेतली, लायसन्स घेऊन पावती दिली. सोबतचा मित्र प्यायलेला नव्हता, त्याच्याकडे लायसन्स होतं, म्हणून गाडी त्याच्या ताब्यात दिली. पोलीस ठाण्यात नेलं नाही, दवाखान्यात नेलं नाही, रक्त घेतलं नाही. ठाणे कोर्टाची तारीख बारा दिवसांवर आहे. पहिलीच वेळ. वजन ७० किलोच्या आसपास, ३३० एमएलच्या दोन साध्या बिअर घेतल्या होत्या.

ओळखीचा एजंट म्हणतो, तारखेला जा, हो म्हण, दहा हजार भर, विषय संपला. त्याचा एक मित्र म्हणतो, रक्तच घेतलं नाही तर केस उभीच राहत नाही. आणि आमच्या आक्का म्हणतात, रोज रात्री अश्वगंधारिष्ट घेतो ते सांगा, म्हणजे सुटेल. भाच्याला वर्षभरात परदेशी नोकरीसाठी व्हिसा काढायचा आहे. यातलं खरं काय?

कोर्टनाका

एजंट अर्धवट, मित्र चुकीचा. आक्कांचं उत्तर मशीनवाले कोणी देतील.

आधी मित्राचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ म्हणतं की गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना रक्तात १०० एमएलला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल, आणि ते ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीत किंवा प्रयोगशाळेसह इतर कुठल्याही चाचणीत आढळलं, तर गुन्हा. मधला 'किंवा' महत्त्वाचा आहे. कलम २०३ मध्ये श्वासाच्या चाचणीचा निकाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला आहे. कलम २०४ पोलिसांना रक्त मागण्याचा अधिकार देतं, पण प्रत्येकाचं रक्त घ्यायलाच हवं असं त्यात लिहिलेलं नाही. लोक १९७१ च्या बचुभाई हसनअली करियानी निकालाचा दाखला देतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणं एवढ्यावरून दारूच्या अमलाखाली होता असा निष्कर्ष काढता येत नाही, रक्ताची चाचणी करायला हवी होती. तिथे आकडाच नव्हता. तुमच्याकडे ४७ चा आकडा आहे. तेव्हा तो निकाल इथे जसाच्या तसा बसत नाही.

आता एजंटचं. कलम १८५ हे कलम २०० च्या तडजोडीच्या यादीत नाही. म्हणून ते सिग्नल तोडल्याच्या चलनासारखं ॲपवर भरता येत नाही आणि लोकअदालतीत निम्म्यात मिटतही नाही. 'हो म्हणून दहा हजार भरणं' याचा अर्थ फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल करून दोषी ठरणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. पूर्वी 'तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर' अशी मुदत होती, ती दुरुस्तीत काढून टाकली. म्हणजे आजची कबुली सात वर्षांनी गटारीला पकडलं गेलं तरी मोजली जाऊ शकते. एजंट हे सांगत नाही.

अजून एक. खटला संक्षिप्त पद्धतीने चालला तर न्यायाधीशांना तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा 'कोर्ट उठेपर्यंत कैद' आणि दंड अशी शिक्षा होते. संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं, एवढंच लोकांना दिसतं, पण कागदावर ती कैदच असते. आणि कबुली दिल्यावर अपील करायचं झालं तर फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर की बेकायदेशीर एवढ्यावरच करता येतं. 'मशीन खराब होतं' हे तेव्हा सांगून उपयोग नाही.

लढावं का? कागद हातात आल्याशिवाय ठरवू नका. पहिल्या तारखेला कबुली-नाकबुलीची घाई करायची नाही. वकीलपत्र दाखल करायचं, जामीन घ्यायचा (गुन्हा जामीनपात्र आहे, भीतीचं कारण नाही, आधार कार्ड आणि जामीनदाराचे कागद सोबत ठेवा) आणि सगळ्या कागदांच्या प्रती मागायच्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे त्या विनामूल्य मिळतात. न्यायाधीशांनी लगेच 'कबूल आहे का' असं विचारलं तर प्रती मिळाल्या नाहीत म्हणून वेळ मागा. वेळ मिळाला नाही तर 'कबूल नाही'. कबूल नाही म्हटल्यावर पुढे मत बदलता येतं. उलट दिशेने मागे येणं फार कठीण.

बुडबुडा

मशीनबद्दल. आक्कांना नमस्कार करून सुरुवात करतो.

अरिष्टांत अल्कोहोल असतं हे खरं, आंबवताना ते आपोआप तयार होतं. समजा ८ टक्के. ३० एमएल अरिष्टात झाले सुमारे १.९ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते मोजलं तर १०० एमएलला ४ मिलिग्रॅम भरतात. ४७ चं स्पष्टीकरण त्यातून निघत नाही, आणि न्यायाधीशांसमोर हे मांडलं तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो. अरिष्ट घेतल्या घेतल्या मशीनमध्ये फुंकलं तर आकडा फुगतो, तो वेगळा प्रकार. तेव्हा तोंडातली वाफ मोजली जाते. माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, खोकल्याचं औषध, ढेकर, उलटी, सगळ्यांचं तेच. हे अल्कोहोल १५ मिनिटांत तोंडातून जातं. म्हणून नाक्यावर असं काही असेल तर शांतपणे एकच वाक्य बोलायचं: 'आत्ताच औषध घेतलंय, पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या.' आकडा तोंडातल्या वाफेचा असेल तर दुसऱ्या वेळी कोसळतो. पोटातल्या बिअरचा असेल तर जवळपास तोच राहतो.

आता तुमच्या भाच्याचं गणित. ६६० एमएल, ५ टक्के, म्हणजे साधारण २६ ग्रॅम अल्कोहोल. ७० किलोला सगळं शोषलं गेल्यावर सुमारे ५५ मिलिग्रॅम. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं, माणसागणिक १० ते २०. अर्ध्या तासाने ४७ येणं अगदी सरळ आहे. तेव्हा 'मशीन खोटं बोललं' हा पवित्रा आकड्यांवरून तरी टिकत नाही. हे कटू वाटेल, पण वकिलाने फी घेऊन सांगण्याआधी इथेच कळलेलं बरं.

हाच हिशेब इतरांसाठी: ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० एमएलचा एक लार्ज त्याच माणसाला ४० च्या पुढे नेऊ शकतो. ८ टक्क्यांची ६५० एमएल स्ट्राँग बिअर ८५ च्या आसपास, आणि तिथून ३० पर्यंत उतरायला जवळजवळ पावणेचार तास. ५५ किलोच्या बाईला तोच लार्ज ६५ च्या वर नेतो, कारण शरीरात पाण्याचं प्रमाण कमी. लिंबूपाणी, काळी कॉफी, पान, पेरूची पानं यांनी वास बदलतो, आकडा नाही.

मशीन रक्त मोजत नाही, फुफ्फुसातली हवा मोजतं आणि २१०० ने गुणून रक्ताचा आकडा छापतं. ३० चा आकडा म्हणजे एक लिटर श्वासात ०.१४३ मिलिग्रॅम, ४७ म्हणजे ०.२२४. हा २१०० चा गुणक सगळ्यांना सारखा लागू नाही. अंगात ताप असेल तर एका अंशाला साधारण ६ टक्क्यांनी आकडा वर जातो, श्वास रोखून धरून फुंकलं तरी वर जातो, जोरजोरात श्वास घेऊन फुंकलं तर खाली येतो. आकडा ३२, ३४ असेल तर या गोष्टींना सोन्याचं मोल. ४७ ला पंधरा टक्के कापले तरी ४० उरतात.

तरीही कागद तपासा. स्लिपवर मशीनचा अनुक्रमांक, चाचणी क्रमांक, तारीख, वेळ बघा. फुंकण्याआधीची रिकामी चाचणी शून्य दाखवते का, ते बघा. ती शून्य नसेल तर आधीच्या माणसाचं अल्कोहोल सेन्सरमध्ये शिल्लक होतं किंवा हवेतच काहीतरी होतं. रात्री एकामागून एक पन्नास जणांना फुंकायला लावलं की हे होतं, त्यातून हातावर सॅनिटायझर चोळून लगेच मशीन धरलं तर जास्तच. फुंकणी नवीन, पाकीट फोडून लावली होती का. स्लिपवरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळते का. घड्याळ चुकीचं लागलेलं मशीन असेल तर तारीखसुद्धा भलतीच छापली जाते. चाचणी क्रमांकांमध्ये खंड आहे का, म्हणजे ११२ नंतर एकदम ११५ असेल तर ११३ आणि ११४ कुठे गेले हा रास्त प्रश्न आहे.

आणि कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर आकडा दाखवतं का याची तपासणी. सेन्सर झिजतो, आकडा सरकतो. त्या अनुक्रमांकाच्या मशीनचं घटनेच्या दिवशी चालू असलेलं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र सरकार पक्षाने दाखवायला हवं. घटनेनंतरचं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही.

खाडीपलीकडचा

पण अटकेपासून दोन तासांत डॉक्टरकडे नेलं नाही तर केस रद्द होते ना? वाशीच्या ग्रुपवर हेच फिरतंय.

कोर्टनाका

नाही. कलम २०२ चं परंतुक नीट वाचा. १८५ खाली अटक केली तर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला कोठडीतून सोडायचं. सोडायचं, एवढंच. खटला संपतो असं कायदा म्हणत नाही. उशीर झाला तर नमुना विश्वसनीय नाही असा युक्तिवाद करता येतो, तो वेगळा. आणि माजिवडा_जंक्शन यांच्या भाच्याला अटक केलेलीच दिसत नाही. नाक्यावर चाचणी, कागद, समन्स. म्हणून दोन तासांचा मुद्दा इथे लागूच नाही. अटक करून पोलीस ठाण्यात नेलं असतं तर कलम २०३(५) प्रमाणे तिथे पुन्हा फुंकण्याची संधी द्यावी लागली असती, हा मुद्दा मात्र अटक झालेल्यांनी जरूर तपासावा.

मशीनच्या कागदांबाबत थोडी भर. कलम २०३ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की मशीन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रकारचं हवं. उलटतपासणीत हा प्रश्न विचारायचा असतो आणि तो बहुतेक वकील विचारत नाहीत. दुसरं, छापील स्लिप ही इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत आहे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (जुन्या कायद्यातलं ६५-ब) सोबत आहे का बघा. तिसरं, कॅलिब्रेशनचे कागद आणि त्या रात्रीची चाचण्यांची नोंद कोर्टाकडून मागवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ चा अर्ज करा. माहिती अधिकारातही मागता येतात, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. पण तारीख बारा दिवसांवर असताना माहिती अधिकारावर विसंबू नका. दोन्ही करा.

नाक्याजवळच्या पंपाचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही लागणार असेल तर आजच लेखी पत्र देऊन जपून ठेवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी महिन्याभरातच जुनं चित्रण पुसून वर नवं चढतं. भाचा गाडी चालवतच नव्हता, असा बचाव असेल तर हा पुरावा सगळ्यात मोठा. कलमात 'चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना' असं आहे. बंद गाडीत मागच्या सीटवर झोपलेला माणूस यात येत नाही. चावी लावून इंजिन सुरू केलं की मात्र प्रयत्न सुरू झाला असं म्हणता येतं. सोसायटीच्या आवारात पोलिसांनी पकडलं तर आणखी एक खाच आहे: श्वासाची चाचणी मागण्याचा अधिकार सार्वजनिक ठिकाणापुरता आहे, पण १८५ च्या व्याख्येत 'सार्वजनिक ठिकाण' हे शब्द नाहीत.

सीलबंद

मूळ प्रश्नात रक्त नाही, पण हा धागा वाचणाऱ्या निम्म्यांच्या केसमध्ये असेल, म्हणून लिहितो. अपघात झाला किंवा फुंकायला नकार दिला की प्रकरण रक्तावर येतं.

रक्त घेताना स्पिरिटचा बोळा वापरला तर नमुना तिथेच संपला. मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्त चाचणी) नियम १९५९ मध्ये हे सविस्तर दिलं आहे: त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको, बाटलीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं रसायन हवं, बाटली हलवून ते विरघळवायचं, लेबल लावायचं, लाखेचं सील आणि त्यावर डॉक्टरची मोहोर. नमुना सात दिवसांत रासायनिक विश्लेषकाकडे पोचायला हवा, सोबत मोहोरेचा नमुना असलेला 'ब' फॉर्म. टिकवणारं रसायन म्हणजे सोडियम फ्लोराइड. ते नसेल आणि नमुना उन्हाळ्यात दुपारभर पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहिला तर रक्तातले जंतू साखर आंबवून स्वतःच अल्कोहोल बनवू शकतात. बूच सैल असेल तर उलट उडून जातं. दोन्ही दिशांनी चूक होते.

मग साखळी. कोणत्या शिपायाने नमुना किती वाजता घेतला, मुद्देमाल रजिस्टरमध्ये कधी चढला, फ्रीजमध्ये होता की नव्हता, कलिनाच्या प्रयोगशाळेत कोणी किती वाजता दिला, सील शाबूत होतं का, नमुना किती एमएल होता. २००२ च्या वांद्र्याच्या गाजलेल्या खटल्यात २०१५ साली उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडताना रक्ताच्या नमुन्यावरही बोट ठेवलं होतं. घेतलं ६ एमएल, प्रयोगशाळेत नोंद ४ एमएलची. सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) हातात आला की बहुतेक जण आकडा बघतात. आधी एमएल बघा.

खासगी रुग्णालयाचा रिपोर्ट असेल तर तो 'सीरम'चा (रक्तपेशी काढून उरलेल्या द्रवाचा) आहे की संपूर्ण रक्ताचा, ते विचारा. सीरममध्ये पाणी जास्त म्हणून अल्कोहोलचा आकडा साधारण १२ ते १८ टक्के जास्त येतो. सीरमचा ३४ म्हणजे रक्ताचा २९ ते ३०. कायदा रक्ताबद्दल बोलतो.

रक्त घेणारा डॉक्टर पुरुष आणि चालक स्त्री असेल तर तिथे एक स्त्री हजर असणं कलम २०४ प्रमाणे बंधनकारक आहे. डॉक्टरच हवी असं नाही.

आणि फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार देऊन केस कमजोर होते हा समज सोडा. योग्य कारणाशिवाय नकार दिला तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला आधार म्हणून वापरता येतो. शिवाय नकार दिला की अटकेचा अधिकार मिळतो.

ताडमाड

नाक्यावर हुज्जत घालणाऱ्यांसाठी एवढंच: १८५ जामीनपात्र आहे. शिपायाच्या छातीला हात लावलात की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, आणि ते अजामीनपात्र. 'सायबा काहीतरी बघा ना' म्हणून नोट पुढे केलीत तर लाच देणं हाही २०१८ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत. दहा हजारांच्या केसचं काय काय होतं बघा.

एमएच_०४_फाइल

कोर्टाचं चाललंय, पण लायसन्सचं सगळे विसरतात. ती दुसरी केस आहे, दुसऱ्या टेबलावरची.

कलम २०६(४) प्रमाणे १८५ मध्ये पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे कलम १९ च्या (लायसन्स निलंबनाच्या) कारवाईसाठी पाठवतात. तुमच्याकडे जी पावती आहे ती गाडी चालवायची परवानगी नाही. हे लोकांना पटत नाही. जुन्या सवयीने 'लायसन्स जमा आहे, ही पावती' म्हणून चालवतात आणि लायसन्सशिवाय चालवल्याची आणखी एक केस अंगावर घेतात. डिजिलॉकरमध्ये दिसतं म्हणून चालतं असंही नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं की दारू पिऊन चालवल्यास लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. परिवहन कार्यालयं साधारण हेच धरून चालतात. पण निलंबनाआधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. भाच्याने मध्यंतरी घर बदललं असेल, ठाण्याहून खारघरला गेला असेल आणि पत्ता तोच ठेवला असेल, तर नोटीस परत जाईल आणि आदेश एकतर्फी निघेल. आजच जाऊन फाइल कुठल्या कार्यालयात आहे ते विचारा. लायसन्स जिथून निघालं तिथे जाते, एमएच-०४ चं ठाण्याला, एमएच-४३ चं वाशीला. जिथे पकडलं ते नव्हे.

म्हणणं लेखी द्या, अर्ध्या पानाचं. केस न्यायप्रविष्ट आहे, पहिलाच प्रसंग, गेल्या इतक्या वर्षांत एकही अपघात नाही, लायसन्स जमा केल्याच्या तारखेपासून कालावधी मोजावा. हे शेवटचं वाक्य घालायला विसरू नका. नाहीतर तीन महिने आदेशाच्या तारखेपासून मोजतात आणि मधले दोन महिने फुकट जातात. आदेशावर तीस दिवसांत अपील करता येतं.

पॉलिसी_वाचा

इथे अपघात नाही म्हणून थोडक्यात. दारू पिऊन चालवताना स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. २०२१ मध्ये इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी ३० च्या आकड्याची चाचणी नसली तरी कंपनीला इतर पुराव्यांवरून हे सिद्ध करता येतं. म्हणजे फौजदारी खटल्यातून सुटलेला माणूस विम्याच्या दाव्यात हरू शकतो. अपघातात कोणाचा जीव गेला तर १८५ हे शेपूट राहतं. २००६ च्या कार्टर रोड प्रकरणात सात मजूर गेले होते, तिथे सदोष मनुष्यवध लागला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम केली.

माजिवडा_जंक्शन

सगळ्यांचे आभार, आक्कांना गणित दाखवलं, त्या गप्प आहेत. तीन शंका. एक, शेजारी बसलेल्या मित्रालाही काही होऊ शकतं का? दोन, व्हिसाच्या दृष्टीने कबूल करणं बरं की लढणं? तीन, स्लिपची जी प्रत मिळाली ती चार दिवसांत फिकी पडायला लागली आहे.

कोर्टनाका

मित्र: कलम १८८ प्रमाणे १८५ ला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. पण नुसतं शेजारी बसणं म्हणजे चिथावणी नाही. 'तूच चालव' म्हणून चावी हातात दिली, गाडी मित्राची होती आणि समोर पिताना बघितलं होतं, असं असेल तर प्रश्न येतो. गाडी कोणाच्या नावावर आहे तुम्ही लिहिलं नाहीत. मित्राचं नाव कागदात फक्त गाडी ताब्यात घेणारा म्हणून असेल तर त्याला साक्षीदार म्हणूनही बोलावता येतं. तेव्हा त्याने काय सांगायचं याची घोकंपट्टी कोणी करून घेऊ नका.

व्हिसा: इथे सरळ उत्तर नाही. दोषी ठरलात तर 'कधी शिक्षा झाली आहे का' या रकान्यात खरं लिहावं लागेल, मग ती कोर्ट उठेपर्यंतची का असेना. लढलात तर केस प्रलंबित दिसेल. पोलिसांच्या ना-हरकत दाखल्यात ती येईल, आणि पासपोर्टच संपत असेल तर प्रलंबित फौजदारी खटल्यामुळे पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) खाली अडवणूक होऊ शकते. त्याला उपाय आहे: ज्या कोर्टात केस आहे तिथेच अर्ज करून परदेशी जायची परवानगी घेता येते, १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्यावर पासपोर्ट मिळतो. पण त्याला तारखा लागतात. म्हणून आधी पासपोर्टची मुदत बघा. मुदत भरपूर असेल आणि कागदात मोठी खाच सापडली, म्हणजे रिकामी चाचणी शून्य नाही, कॅलिब्रेशन संपलेलं, अनुक्रमांक वेगळा, तर लढा. कागद स्वच्छ असतील तर ४७ ला लढून वर्ष घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

मधला एक रस्ता आहे जो एजंटला ठाऊक नसतो. परिवीक्षा अधिनियम १९५८, कलम ३ आणि ४. पहिला गुन्हा, दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नसलेला, अशा वेळी न्यायाधीश शिक्षेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतात, आणि कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दारू पिऊन चालवण्यात न्यायाधीश हे सहज देत नाहीत, त्यासाठी लेखी अर्ज, नोकरीचे कागद, आधीची कुठलीही केस नसल्याचं शपथपत्र लागतं. कबुली द्यायचीच असेल तर हा अर्ज त्याच दिवशी, कबुलीसोबत. शिक्षा सुनावून झाल्यावर नाही. परदेशी दूतावास तो रकाना कसा वाचेल हे त्या देशाच्या नियमांवर आहे. तिथे मात्र काहीही लपवू नका. खोटं उत्तर मूळ केसपेक्षा महाग पडतं.

बुडबुडा

स्लिप: तो थर्मल कागद आहे, शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात आणि तशीच उडतात. आज दोन झेरॉक्स काढा, वरून प्रकाश सरळ पडेल असा मोबाइलवर फोटो घ्या, अनुक्रमांक आणि वेळ स्पष्ट वाचता येईल इतका. मूळ स्लिप प्लास्टिकच्या पाकिटात किंवा लॅमिनेशन करून ठेवू नका. लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून ती अख्खी काळी होऊन बाहेर येते. साध्या कागदी पाकिटात, गाडीच्या डॅशबोर्डपासून लांब. आणि सेलोटेप अजिबात नको, नेमकं टेपखालचं पुसलं जातं.